हेलिकॉप्टरची धाकटी बॅटरी

ये, इकडे सरक. तिथे उंबऱ्याशी बसून तुला अर्धं ऐकू येणार, उरलेलं तू आपल्या मनाने जुळवणार आणि खाली जाऊन तेच सगळ्यांना सांगणार. तुम्हा आजकालच्या पोरींची ती खोडच आहे. आणि आधी तो फोन पालथा ठेव. त्याच फोनमध्ये आमचं हेलिकॉप्टर पडताना बघितलंस ना? बघितलंस आणि हसलीस. नाही म्हणू नकोस, सगळं लालबाग हसलं, तू एकटीच कशी सोवळी राहशील? मी रागावत नाही. हसावं माणसाने. पण कुणाला हसायचं ते तरी नीट कळू दे, एवढंच माझं म्हणणं.

आता हेलिकॉप्टर म्हणजे तुला वाटेल जत्रेतलं. तसं नाही ते. त्याची पाती सरळ पसरली तर आमच्या डबल बेडच्या बाहेर येतात. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला ही दोन खोल्यांची जागा मिळाली, आणि मला वाटलं होतं की आता एक कपाट माझं म्हणून राहील. त्या कपाटात आज हेलिकॉप्टरचं शेपूट आहे. माझ्या पैठणीच्या शेजारी.

आमचे हे माझगावच्या गोदीत होते, जहाजांवर इलेक्ट्रिशियन. आयुष्य जहाजाच्या पोटात वायरी ओढण्यात गेलं. निवृत्त झाले, आणि गप्प झाले. भांडल्यावर नवरे गप्प होतात तसे नव्हे. ते मी ओळखते, त्याला औषध आहे, संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं की उतरतं. हे वेगळं होतं. खिडकीशी बसायचे, विचारलं तर हुं म्हणायचे, नाही विचारलं तर तेही नाही. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, काका, काहीतरी छंद लावून घ्या. मी म्हटलं, डॉक्टर, ह्यांच्या तोंडून हुंच्या पुढे काही निघेल असं काहीतरी सांगा, म्हणजे मला कळेल की ऐकलं.

मग गोदीतल्या एका जुन्या सोबत्याने त्यांना एका रविवारी खाडीपलीकडच्या मोकळ्या मैदानात नेलं. तिथे ही माणसं विमानं, हेलिकॉप्टरं उडवतात. रिमोटवर. दाढ्या पिकलेले पुरुष, डोक्यावर टोप्या, आकाशाकडे तोंड करून उभे. त्या दिवशी हे घरी आले आणि चपला काढायच्या आधी बोलायला लागले. मी पोळी लाटत होते, ती तव्यावर करपली तरी बोलतच होते. मी करपलेली पोळी ताटात वाढली, तीही त्यांनी बोलता बोलता खाल्ली. तेव्हाच मी ठरवलं की ते हेलिकॉप्टर घरात येणार असेल तर येऊ दे. मला त्या यंत्राचं काय पडलंय? पण ते आलं आणि माझ्या घरात माणसाचा आवाज परत आला. ते उडत राहिलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं, आणि आजही तेवढंच कळतं.

आता बॅटरीचं ऐक, कारण सगळं रामायण तिच्यावरच आहे. त्या हेलिकॉप्टरमध्ये दोन बॅटऱ्या. एक थोरली, विटेसारखी जड, ती मोटरला वीज देते, मोटर पाती फिरवते. आणि दुसरी धाकटी, साबणाच्या वडीएवढी. ती बाकीच्या गोष्टींना वीज देते. म्हणजे रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर, तोल सांभाळणारं एक यंत्र, आणि पाती इकडे-तिकडे कलती करणाऱ्या छोट्या छोट्या मोटरी. हे म्हणतात, थोरली बॅटरी म्हणजे हात-पाय, धाकटी म्हणजे डोकं.

मी विचारलं, एवढी थोरली आहे तर तिच्यातूनच थोडी वीज डोक्याला का देत नाही? दुसरं ओझं कशाला? तर मला जहाजाचं सांगायला लागले. जहाजाचा मुख्य जनरेटर गेला, सगळा अंधार झाला, तरी सुकाणू चाललं पाहिजे आणि वायरलेस चालली पाहिजे. म्हणून त्यांची वीज वेगळी ठेवलेली असते, आणि तिला दुसऱ्या कामाला कुणी हात लावायचा नाही. हेलिकॉप्टरचंही तसंच. वर असताना मोटर बंद पडली तरी पाती लगेच थांबत नाहीत, फिरत राहतात. डोकं जागं असेल तर उडवणारा माणूस त्या फिरत्या पात्यांच्या जोरावर ते सावकाश खाली आणून मातीवर टेकवू शकतो. डोकं झोपलं तर मात्र दगड.

मी म्हटलं, कळलं. देवाच्या समईचं तेल वेगळ्या बाटलीत, फोडणीचं वेगळ्या. फोडणीचं संपलं म्हणून कुणी समईच्या बाटलीला हात लावत नाही. तर म्हणाले, "तां बरोबर सांगलंस." मालवणीत बोलले म्हणजे खूश.

त्या मैदानात यावरून दोन पक्ष आहेत बरं का. एकदा गेले होते मी. निम्मे म्हणतात वेगळी बॅटरीच पाहिजे, निम्मे म्हणतात छे, हल्ली रेग्युलेटर म्हणून एक डबी येते, ती थोरलीची वीज उतरवून डोक्याला देते, धाकटीला वेगळं चार्ज करायची कटकट नाही, वजनही कमी. एवढे शिकलेसवरलेले, कुणी बँकेत, कुणी मोठ्या कंपनीत साहेब, आणि त्या डबीवरून एकमेकांशी असे भांडत होते जसं काही इस्टेटीची वाटणी चालू आहे. हेलिकॉप्टर खाली गवतात पडलेलं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी डब्यातल्या नारळाच्या वड्या काढल्या तेव्हा तोंडं बंद झाली. खायला मात्र दोन्ही पक्ष एक.

तरी ते बरे म्हणायचे. निदान ज्याच्यावरून भांडतात त्यातलं त्यांना काहीतरी कळतं. आमच्या मंडळवाल्यांसारखे नाहीत.

मंडळ म्हणजे आमच्या गल्लीतलं गणपतीचं मंडळ. त्याच्या अध्यक्षाला तू ओळखतेस, नाव कशाला घ्यायचं? बॅनरवर चोवीस तास हसत असतो. चाळ होती तेव्हा याच्या आईने माझ्याकडून ताक नेलं नाही असा दिवस गेला नाही, आणि आता समोर आला की आधी फोनवर बोलल्यासारखं करतो. आमच्या ह्यांनी या मंडळात तरुणपणी किती वर्षं रोषणाई केली, किती रात्री बांबूवर चढून काढल्या. निवृत्त झाल्यावर एकदा मीटिंगला गेले तर कुणी खुर्ची दिली नाही. मागे उभे राहून परत आले. मला सांगितलंसुद्धा नाही, शेजारणीकडून कळलं.

आणि यंदा हाच अध्यक्ष आपल्या सेक्रेटरीला घेऊन आमच्या दारात. पेढ्यांचा पुडा घेऊन. मी तेव्हाच समजले की काहीतरी उचलायला आलेत. पेढे घेऊन येणारा माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही.

"काका, तुमचं हेलिकॉप्टर म्हणे लय भारी आहे."

"आहे एक," हे म्हणाले.

"मंडपपूजनाला वरून पुष्पवृष्टी करायची. आतापर्यंत लोक बिल्डिंगच्या गच्चीवरून करतात. आपण आकाशातून करू. अख्ख्या परळ-लालबागमध्ये कुणी केलेली नाही."

सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही आमचे चीफ पायलट."

झालं. तेवढ्यावर गेले आमचे. मी चहाचं आधण ठेवता ठेवता बघत होते, मान अशी ताठ झाली, जसं काही मिशीला पीळ भरलाय. मिशी नाही आहे त्यांना. ज्या लोकांनी बसायला खुर्ची दिली नाही, ते पायलट म्हणाले, तर हा माणूस विरघळला. मला असा राग आला की मी चहात साखर टाकलीच नाही. अध्यक्षाने तो बिनसाखरेचा चहा पिऊन वर सांगितलं, काकी, चहा एक नंबर. अशा माणसाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

एक मात्र आहे, ह्यांनी एक अट घातली, आणि ती शहाणपणाची होती. माणसांच्या डोक्यावरून उडवणार नाही. मंडपासमोरच्या मैदानात दोरी बांधायची, दोरीच्या आत कुणी यायचं नाही. अध्यक्ष म्हणाला, दोरी काय, बांबूचं कुंपण घालतो. मग हेलिकॉप्टरच्या पोटाखाली फुलांसाठी एक हलकी पेटी बसवली, तिला खालून झाकण, आणि ते झाकण उघडायला आणखी एक छोटी मोटर. तीही धाकटीवरच. हे म्हणाले, तेवढं धाकटीला झेपेल, मी हिशेब केलाय.

मग आला लायटिंगवाला. हा अध्यक्षाचा मेहुणा. सगळ्या मंडपाची रोषणाई याच्याकडे, दरवर्षी. हेलिकॉप्टर बघितलं आणि म्हणाला, "हे काळं काळं दिसणार संध्याकाळचं. दिवे पाहिजेत. शेपटापासून नाकापर्यंत माळ सोडू."

हे म्हणाले, "दिवे लावायचे तर त्यांचा वेगळा सेल लावा."

"वजन वाढणार ना काका?"

"वाढेल थोडं."

"मग फुलं कमी घ्यावी लागणार."

अध्यक्ष तिथेच उभा. "फुलं कमी नाय चालणार. पाहुणे काय म्हणतील?"

लायटिंगवाल्याने हेलिकॉप्टरचं नाक उघडून आत बघितलं. धाकटीवर बोट ठेवलं. "ही कशाला आहे? छोटीशी तर आहे. हिच्यातनंच दोन वायरी मारतो की."

आता हे तुला कळायचं तर आमच्या गल्लीची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे लग्न असो, पूजा असो, बारसं असो, वीज जवळच्या माणसाकडून घ्यायची. ज्याचं दार जवळ त्याच्या बोर्डात वायर घुसवायची आणि आत आवाज द्यायचा, वहिनी, जरा लाइन घेतो हां. वहिनी म्हणते, घे की, त्यात काय? मीही आयुष्यभर म्हटलंय. चांगली रीत आहे ती, शेजार टिकतो त्याने. एखाद्या वेळी फ्यूज उडाला तर सगळ्यांनी मिळून हसायचं आणि मेणबत्ती लावायची. पण आकाशात मेणबत्ती कोण लावणार? या लोकांना कुठलीही बॅटरी दिसली की ती शेजारच्या वहिनीचा बोर्डच वाटते.

आणि आमच्या ह्यांना हे माहीत होतं. ज्या माणसाने गोदीत आयुष्यभर जहाजाच्या सुकाणूच्या विजेला कुणाला हात लावू दिला नाही, तो माणूस तिथे उभा राहून काय म्हणाला? म्हणाला, "थोडा वेळ चालेल. उडवायच्या अगदी आधी लावा, उतरलं की बंद करा." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाहेर येऊन म्हटलं, "अहो, समईचं तेल."

"गप रव गो," म्हणाले. चारचौघांत. पायलट ना.

मंडपपूजनाची संध्याकाळ. मैदानात बांबूचं कुंपण खरंच घातलं होतं, तेवढं मान्य करते. स्टेज बांधलेलं, आणि स्टेजच्या बाजूला टेबलावर मखमल घालून त्यावर आमचं हेलिकॉप्टर. नाकापासून शेपटापर्यंत दिव्यांची माळ, आणि ती पेटलेली. मी पोचले तेव्हापासून पेटलेली. का, तर फोटो. जो येतो तो त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढतो. एकाने आपलं तान्हं पोर त्याच्या शेपटावर बसवायला घेतलं, मी ओरडले तेव्हा थांबला.

मग हेलिकॉप्टरची पूजा. हळदकुंकू, हार, अक्षता. नारळ फोडून त्याचं पाणी वरून शिंपडणार होते, तो नारळ मी हातातून काढून घेतला. दिवे चालूच. मग भाषणं. आधी सेक्रेटरी. तो अध्यक्षाबद्दल बोलला. मग खजिनदार. तोही अध्यक्षाबद्दल बोलला. मग अध्यक्ष उठला आणि तोही अध्यक्षाबद्दलच बोलला. दिवे चालूच. मी सेक्रेटरीजवळ गेले.

म्हटलं, "बाबा, ते दिवे बंद कर. ह्यांनी सांगितलंय उडवायच्या आधीच लावायचे."

"हो काकी, तुम्ही बसा ना. सरबत घेतलंत?"

"सरबत राहू दे, दिवे बंद कर."

"शूटिंग चालू आहे काकी. मध्येच बंद केले तर कंटिन्युटी जाते."

कंटिन्युटी. याचा बाप गिरणीत साच्यावर होता, धागा तुटला की धावत जाऊन सांधायचा. हा मात्र कंटिन्युटी सांभाळतो.

मी स्टेजकडे बघितलं. हे वर बसले होते, पाहुण्यांच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर का होईना, पण खुर्चीवर. तिथून टेबल समोर दिसत होतं. मी खुणेने दिव्यांकडे दाखवलं. त्यांनी बघितलं. अगदी नीट बघितलं. अर्धवट उठले. तेवढ्यात माइकवर त्यांचा सत्कार पुकारला, आणि ते उठलेलेच असल्यामुळे तसेच पुढे गेले. शाल आली खांद्यावर, श्रीफळ आलं हातात, अध्यक्षाने मिठी मारली, कॅमेऱ्यासाठी पुन्हा मारली. खाली उतरून दिवे बंद करायला कितीसा वेळ लागला असता? पण शाल घेऊन लगेच स्टेजवरून उतरायचं बरं दिसत नाही म्हणून हा माणूस परत जाऊन बसला. आणि मग पाहुण्यांचं भाषण झालं. पाहुण्यांना आपण कुठल्या मंडळात आलोय तेच नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळ्या मुंबईचीच स्तुती केली. ती संपेपर्यंत दिवे चालू.

खाडीपलीकडच्या मैदानात हे उडवायच्या आधी नेहमी एक छोटं मीटर लावून दोन्ही बॅटऱ्या मोजतात. कधी चुकत नाहीत. त्या दिवशी मीटर खिशात होतं आणि खिशावर शाल होती. आणि लोक म्हणत होते, काका चला, चला, पाहुण्यांना दुसरीकडे जायचंय. ढोल-ताशा सुरू झाला. हातात रिमोट घेऊन हे उभे राहिले.

उडालं. खोटं कशाला सांगू, छान उडालं. ताडपत्री वाऱ्यावर फडफडावी तसा आवाज, आणि त्या पेटलेल्या दिव्यांसकट सरळ वर गेलं, मंडपाच्या कमानीच्याही वर. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. मग ह्यांनी पेटीचं झाकण उघडलं. फुलं सुटली, आणि पात्यांचा वारा असा जोरात की एक पाकळी मंडपावर पडेल तर शपथ. सगळी उडाली आडवी, ढोलवाल्यांच्या तोंडात, पाहुण्यांच्या चष्म्यावर. बायका हसायला लागल्या. मी मात्र दिव्यांकडे बघत होते. ते पिवळे पडले. मग लाल. मग गेलेच.

त्याच क्षणी हेलिकॉप्टर बहिरं झालं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. ह्यांचे अंगठे रिमोटवर चालत होते आणि वर काही पोचत नव्हतं. हाक मारतोय आणि माणूस वळून बघत नाही, तसं. ते एका बाजूला कललं, तसंच कलत गेलं, आणि कुंपणाच्या आतल्या मातीत येऊन आपटलं. पात्याचा एक तुकडा उडाला आणि बॅनरमध्ये जाऊन रुतला. अध्यक्षाच्या फोटोत, गळ्याच्या जरा खाली.

कुणाला लागलं नाही. ती दोरीची आणि कुंपणाची अट होती म्हणून. हे धावत गेले, आणि आधी थोरलीची वायर काढली, ती पेट घेऊ शकते म्हणून. मग गुडघ्यावर बसून खिशातलं मीटर काढलं. थोरली जवळजवळ भरलेली होती. धाकटी रिकामी. सगळी वीज फोटोत गेली, भाषणांत गेली. पोट भरलेलं आणि डोकं उपाशी मेलं. मला तर वाटलं, या मंडळाला यापेक्षा शोभेल असं यंत्र दुसरं मिळायचं नाही.

अध्यक्षाने माइक सोडला नव्हता. म्हणाला, "तांत्रिक बिघाड आहे. काकांचं वय झालंय, हात थरथरतो, आपण समजून घेऊ." समजून घेऊ. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅनर नवीन लागला होता. आमच्या गल्लीचं गटार दोन पावसाळे तुंबलेलं आहे, ते नाही दिसत.

हे हेलिकॉप्टरचे तुकडे मखमलीत गुंडाळून घरी घेऊन आले. पलंगाखाली सरकवले. आणि खिडकीशी जाऊन बसले.

ते दिवस मला आठवायलाही नकोत. परत ते हुं. तोच फोन सगळीकडे, तोच व्हिडिओ, त्यावर कुणीतरी गाणं लावलेलं. लिफ्टमध्ये लोक हसू दाबायचे. खाडीपलीकडच्या उडवणाऱ्यांचे फोन आले, त्यातला रेग्युलेटरवाला पक्ष म्हणाला, काका, आम्ही सांगत होतो, रेग्युलेटर असता तर थोरलीतून वीज मिळत राहिली असती. खरं होतं ते, त्यांचं चुकलं नव्हतं. एरवी हे त्यांच्याशी तासभर भांडले असते. ह्यांनी हुं म्हणून फोन ठेवला. तिखलं केलं, तसंच राहिलं. मी स्वतः विचारलं, अहो, रेग्युलेटर चांगला का? भिंतीला विचारल्यासारखं झालं.

आणि मग परत ते दोघे. पेढे नव्हते या वेळी. सोबत मंडळाचं फोनवरचं पान सांभाळणारा एक बाप्या, स्टँड घेऊन.

"काका, एक छोटा व्हिडिओ," अध्यक्ष म्हणाला. "काय आहे, लोक लायटिंगवर बोट दाखवायला लागलेत. माझ्या मेहुण्याला दुसऱ्या मंडळांची कामं आहेत. तुम्ही आपले दोन शब्द बोला, की चूक तुमची होती. विषय संपला. तुमचं काय, तुम्ही रिटायर्ड."

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. "तुमचं काय म्हणजे?"

"काकी, तसं नाही."

"मग कसं? ज्याला काही काम नाही त्याला काही लाजही नसते, असं?"

हे म्हणाले, "थांब. बोलतो मी."

मला वाटलं, घ्या. पायलट म्हणाले तेव्हा विरघळले, आता रिटायर्ड म्हणाले तर वाकले. मी रागाने आत गेले आणि भांडी आपटायला लागले, मुद्दाम, व्हिडिओत आवाज यावा म्हणून. बाहेर तो बाप्या म्हणत होता, काका, जरा उजेडाकडे तोंड करा. मग ह्यांचा आवाज आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पूर्ण वाक्य. हातातलं पातेलं मी तसंच धरून उभी राहिले.

"चूक माझी झाली."

"बास काका, मस्त," अध्यक्ष म्हणाला.

"धाकटी बॅटरी हेलिकॉप्टरच्या डोक्यासाठी असते. तिच्यावर तुमच्या मेहुण्याला मी दिवे लावू दिले. स्टेजवरून ते जळताना मला दिसत होते. खाली उतरलो नाही, कारण खांद्यावर शाल होती. न मोजता उडवलं. हात थरथरला नाही. हे बघा हात."

मी दारातून बघितलं. दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले होते. स्थिर.

"काका, एवढं डिटेल नको ना. पहिलं वाक्य होतं तेवढं पुरे."

"त्या पहिल्या वाक्याला पुढच्यांशिवाय काय अर्थ?"

"लोकांना कळत नाही काका ते टेक्निकल."

"मग परत सांगतो," हे म्हणाले, आणि खरंच परत सांगायला लागले. थोरली काय, धाकटी काय, किती वीज कशाला लागते, जहाजाचं सुकाणू, सगळं. पलंगाखालून मखमल ओढून काढली आणि तुटलेले भाग एकेक हातात घेऊन दाखवले. तो बाप्या मान हलवत होता, अध्यक्ष घड्याळ बघत होता. चहा मी केला नाही. तिघे उठले तरी हे जिन्यापर्यंत त्यांच्या मागे बोलत गेले.

त्यांनी काय केलं माहीत आहे? पहिलं वाक्य तेवढं ठेवलं. चूक माझी झाली. बाकी सगळं कापलं, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि काकांच्या मनाचा मोठेपणा असं लिहिलं. माझं डोकं असं फिरलं की मी चप्पल घालून खाली निघाले होते. ह्यांनीच अडवलं. हसत होते. म्हणाले, "ऱ्हवंदे. ह्यांका धाकटी बॅटरीच नाय." आणि मला तिथेच उभं करून नवीन पात्यांबद्दल सांगायला लागले.

तेव्हापासून थांबलेले नाहीत. पाती आली, शेपूट सरळ झालं, माझ्या कपाटात परत गेलं. धाकटी नवी आणली. तिच्यावर पट्टी चिकटवलीय, हात लावू नये म्हणून, जसं काही या घरात मी दिव्यांच्या माळा घेऊन फिरते. आणि आता म्हणतात, रेग्युलेटरवाल्यांचंही अगदीच चूक नाही, धाकटी ठेवायची आणि तिच्या जोडीला रेग्युलेटरही, एक गेलं तर दुसरं. सकाळी चहाला हेच, दुपारी जेवताना हेच, रात्री दिवा मालवला तरी अंधारात हेच. मी एकटी किती ऐकू? मला नाही कळत आणि ते थांबत नाहीत. रविवारी पहिल्यांदा परत खाडीपलीकडच्या मैदानात नेणार आहेत, माळ नाही, फुलं नाहीत, शाल नाही. मीही जाणार आहे, वड्या करून. तू ये. शनिवारीच ये राहायला, म्हणजे रात्रीचं थोडं तूही ऐकशील आणि माझा डोळा लागेल. उगाच बघू, जमवते, असं करू नकोस. लवकर ये.